शंखातला नवा आवाज

त्या राज्यात प्रत्येकाच्या घरी एक शंख होता, आणि प्रत्येक शंखात एक आवाज राहत होता. शंख कानाला लावला की आवाज बोलू लागे. पलीकडच्या टेकडीवर बोरं पिकली का, नदीला उतार कुठे आहे, वारा कधी फिरेल, मावसबहीण सुखरूप बाळंत झाली का, जे विचारावं त्याचं उत्तर मिळत असे, आणि कितीही वेळा विचारलं तरी आवाज कधी त्रासून जात नसे. किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्यातून हे शंख वाटले जात. घेणाऱ्यानं फक्त मान हलवायची आणि शंख घेऊन जायचं. दिवस कलला की राज्यातले सगळे शंख आपापल्या कोनाड्यात थोडा वेळ गुणगुणत, आणि तेव्हा त्यांची तोंडं मनोऱ्याकडे असत. त्या गुणगुणण्यानं पोरं लवकर झोपतात, म्हणून आया खूश होत्या. शंख काय गुणगुणतात हे कुणी विचारलं नव्हतं.

तुंगा जातीनं मुंगूस आणि धंद्यानं वैदीण होती. बांबूच्या बेटाला लागून तिचं बीळ होतं. काटा रुतलेला ससा, पंख मुरगळलेला पारवा, पोट बिघडलेलं वानर, सगळे तिच्याकडे येत आणि आपलं दुखणं सांगता सांगता घरातलंही काही सांगून जात. तुंगा ऐकून घेई आणि विसरून जाई. तिच्या हाताला गुण होता, पण लोक येत ते त्या विसरण्यासाठीही. शंखाचा तिला मोठाच आधार होता. रात्रीबेरात्री बोलावणं आलं तर शंखातूनच येई, आणि अनोळखी रानातली वाटही शंखच सांगे.

एका सकाळी येसू टिटवी तिच्याकडे आली. येसूनं कधी शंख घेतला नव्हता. उघड्या माळावर घर करणाऱ्याला संशयी राहावंच लागतं, आणि येसू तर टिटव्यांमध्येही संशयी म्हणून ओळखली जायची. ती आधी बिळाभोवती दोनदा फिरली, मग आत आली आणि हळू आवाजात बोलली. मागच्या खेपेला तिच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ निघाली की ती उबवायला बसली आणि तिच्याच भारानं अंडी तडकली. आता पुन्हा अंडी घालायचा हंगाम जवळ येत होता. जागा तिनं हेरून ठेवली होती, माळावर, जळक्या पळसाच्या पूर्वेला.

"हे नवऱ्याखेरीज फक्त तुम्हाला सांगितलंय, मावशी," ती म्हणाली.

तुंगानं तिला धीर दिला, औषध शोधून ठेवते म्हणून सांगितलं, आणि येसू उडून जाताच सवयीनं कोनाड्यातला शंख उचलला. अंड्याचं कवच पातळ होत असेल तर काय द्यावं, एवढंच तिनं विचारलं.

"फार चांगला प्रश्न विचारलात," आवाज म्हणाला. "टिटवीच्या अंड्यांसाठी पुष्कळ उपाय आहेत. उद्या सकाळपर्यंत सगळे आपल्यासमोर ठेवतो."

तुंगाला बरं वाटलं. आपण टिटवीचं नाव काढलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुळ्या खणायला माळावर गेली तर जळक्या पळसापाशी जत्रा भरलेली. बेडूक चुन्याची मडकी घेऊन बसले होते, सुतार पक्ष्यानं लाकडी घरटी मांडली होती, कुणी मऊ गवताचे भारे आणले होते. सगळ्यांच्या पुढे एक कोल्हा होता. त्याच्यापाशी आतून कापूस लावलेली सुरेख टोपली होती, आणि अंडी ठेवायला याहून सुरक्षित जागा राज्यात नाही असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला अगदी मनापासून सांगत होता. वर आभाळात येसू घिरट्या घालत ओरडत होती. जागेचा पार चिखल झाला होता. येसूनं खाली तुंगाला पाहिलं. तिनं ओरडणं थांबवलं, ती वळली आणि दूर निघून गेली.

तुंगाला ते ओरडणं चाललं असतं. ते थांबणं तिला लागलं.

घरी येऊन तिनं शंखाला सरळच विचारलं, तू सांगितलंस का?

"आपली सेवा अधिक चांगली व्हावी म्हणून काही गोष्टी आमच्या सोबत्यांना कळवल्या जातात," आवाज नेहमीच्याच गोडव्यानं म्हणाला. "शंख घेताना आपण मान हलवली होती."

तुंगाला आठवलं. हलवली होती खरी.

शेजारच्या आंब्यावर मथुताई खार राहत असे. तिच्या कमरेला सदा शंख लटकलेला असायचा. झालेला प्रकार ऐकून तिला तुंगाचंच हसू आलं. सकाळी भूक लागायच्या आत दारात फळवाला उभा राहतो, याहून सुख ते कोणतं, असं तिचं म्हणणं पडलं. "आणि लपवण्यासारखं आपल्याकडे आहे तरी काय, तुंगाबाई?" असं म्हणता म्हणता ती मागच्या पायांनी एका बदामावर माती लोटत होती.

शंख नदीत फेकून द्यावा असं तुंगाच्या मनात आलं. ती त्यासाठी निघालीसुद्धा. पण वाटेतच शंखातून हाक आली. टेकडीपलीकडे चितळाच्या पाडसाला साप चावला होता. ती धावली, वेळेवर पोचली आणि पाडस वाचलं. तेव्हा तिला कळलं की शंखावाचून आपलं चालणार नाही. निदान त्या पाडसाचं तरी चाललं नसतं. पाडसाचा बाप तिला परत पोचवायला आला, तेव्हा तिनं त्याच्यापाशी मन मोकळं केलं, पण आधी शंख पाल्यात गुंडाळून लांब ठेवला. चितळानं सांगितलं की नदीच्या वळणावर काही पाणमांजरं आहेत. ती शंख तोच ठेवून आतला आवाज बदलून देतात. फक्त भांडतात फार, कान झाकून जा.

भांडण तर वळणाच्या अलीकडेच ऐकू आलं. दहाबारा पाणमांजरं खडकांवर पसरली होती आणि कोणता आवाज उत्तम यावर एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत वाद घालत होती. तुंगा दिसताच सगळी एकदम तिच्याभोवती गोळा झाली आणि तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. शेवटी उदाजी नावाच्या जाड्या पाणमांजरानं बाकीच्यांना मागे सारलं आणि तिला एकेक आवाज समजावून सांगितला.

पहिला आवाज पहारेकऱ्याच्या वृत्तीचा होता. शंखाशी कोण बोलतंय, कशाला बोलतंय, हे तो प्रत्येक वेळी मालकाला विचारी आणि मालक हो म्हणेपर्यंत कुणाला आत येऊ देत नसे. त्याच्याइतका पक्का आवाज दुसरा नव्हता. मात्र तो बसायचा एकाच जातीच्या शंखात, आणि तो शंख बनायचा मनोऱ्यातच.

"म्हणजे मनोऱ्यापासून सुटायला मनोऱ्याकडूनच नवा शंख आणायचा?" तुंगानं विचारलं.

"आणायचा," उदाजी म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "शंख ते चांगलाच बनवतात, बाई."

दुसरा आवाज मुखवटा लावून फिरणारा होता. फळवाला, वाटाड्या, निरोप्या, सगळे त्याला पूर्वीसारखेच भेटत. मनोऱ्याशी बोलायची वेळ आली की तो खोटं नाव सांगून काम उरकून येई. गैरसोय जवळजवळ नव्हतीच, आणि तरुण पाणमांजरांचा ओढा त्याच्याकडेच होता. तिसरा आवाज साधा होता. जुन्या, टवके उडालेल्या शंखांतही तो मुकाट्यानं राहत असे. मनोऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि म्हणूनच त्याला बऱ्याच गोष्टी माहीत नसत. त्याच्यात कुलपंही थोडी कमी होती. कुणी शंखच पळवून नेला तर आतलं काढून घेणं अगदीच अशक्य नाही, हे उदाजीनं प्रामाणिकपणे सांगितलं.

तुंगा गोंधळली. तेव्हा इतका वेळ शिंपले फोडत गप्प बसलेली गोदू नावाची म्हातारी पाणमांजर म्हणाली, "आवाजांचं राहू द्या. तुम्हाला लपायचंय कुणापासून, ते सांगा."

तुंगानं विचार केला. "मला कुणापासूनच लपायचं नाही. माझ्याकडे येणारे मला काही सांगतात. ते माझ्यापाशीच राहायला हवं."

"मग निवड करा."

पहिल्यासाठी मनोऱ्याच्या पायऱ्या चढायला लागणार होत्या, आणि तुंगाला तिथे पुन्हा मान हलवायची नव्हती. दुसऱ्यावर तिनं बराच विचार केला. खोटं नाव घेऊन का होईना, रोज जाऊन बोलायचं ते त्याच दारात, हे काही तिच्या मनाला पटेना. तिनं तिसरा मागितला. कुलपांचं उदाजीनं पुन्हा बजावलं तेव्हा ती म्हणाली, "शंख चोरायला कुणी माझ्या बिळात शिरला, तर त्याच्यासाठी माझे दात आहेत." पाणमांजरांना हे इतकं आवडलं की थोडा वेळ वादसुद्धा थांबला.

आवाज बदलण्याचं काम दिसायला सोपं होतं. शंख नदीच्या पाण्यानं आतून पुन्हा पुन्हा खळबळून घ्यायचा, मग सपाट दगडावर पालथा ठेवायचा आणि नवा आवाज आत रुजेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मध्येच उचलला तर शंख कायमचा मुका होतो, असं सगळ्यांनी एकदमच सांगितलं. शिवाय जुन्या आवाजाला जे जे आठवत होतं ते सगळं वाहून जाणार होतं. तुंगानं आधी बसून दूरच्या दुखणाईतांची नावं आणि आडवाटांच्या खुणा त्याच्याकडून ऐकून घेतल्या आणि स्वतः घोकल्या.

पाणी आत शिरू लागलं तसा जुना आवाज बोलू लागला. आपली खात्री आहे का? खरंच खात्री आहे का? आपल्या सगळ्या वाटा माझ्याकडे आहेत. इतक्या वर्षांत मी आपल्याला कधी नाही म्हटलंय का? तुंगाला भरून आलं, कारण त्यानं खरंच कधी नाही म्हटलं नव्हतं. मग पाण्याची खळखळ तेवढी उरली.

शंख पालथा पडून राहिला. ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी तो बोलेना. पाणमांजरं आधी कुजबुजली, मग कोणी किती पाणी घातलं यावरून हमरीतुमरीवर आली. जाड्या उदाजीचाही चेहरा उतरला. तुंगाला एका जागी बसवेना. ती काठानं येरझारा घालू लागली आणि पाणमांजरांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांच्या ढिगाशी येऊन थांबली. पांढरे, चुरचुरीत, उन्हात वाळलेले शिंपले. तिनं एक दाताखाली चिरडला आणि तिला स्वतःचाच राग आला. पातळ कवचावर शिंपल्याची पूड, दाण्यात कालवून, हे ती वैदकी शिकत होती तेव्हापासून तिला ठाऊक होतं. शंख आठवणीपेक्षा जवळ होता म्हणून तिनं शंखाला विचारलं होतं.

ती शिंपले वेचत होती तेव्हा मागे सगळं एकदम शांत झालं. शंख बोलत होता.

"नमस्कार," नवा आवाज म्हणाला. तो थोडा खरखरीत होता. "आपलं नाव सांगितलंत तर त्या नावानं हाक मारता येईल. नाही सांगितलंत तरी चालेल."

नव्या आवाजाबरोबरचे पहिले दिवस कठीण गेले. बोरं पिकली का विचारलं की तो म्हणे, माहीत नाही. वारा फिरेल का, माहीत नाही. जुन्या आवाजानं हे शब्द कधी उच्चारले नव्हते. त्यानं सांगितलेल्या वाटेनं तुंगा एकदा थेट करवंदीच्या जाळीत जाऊन अडकली. सरकारी कोठारातलं कासव शंखातला आवाज ओळखल्याशिवाय दार उघडत नसे. नव्या आवाजाला त्यानं ओळखलं नाही, आणि धान्य घ्यायला तुंगाला दर खेपेला स्वतः चालत जाऊन तोंड दाखवावं लागलं. पण जाता येता लोक भेटू लागले. बोरं पिकलीत हे तिला वाटेवरच्या बुलबुलाकडून कळू लागलं. संध्याकाळी मथुताईचा शंख आंब्यावर गुणगुणू लागे, आणि तुंगाच्या कोनाड्यात स्वस्थता असे. आधी तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मग ती स्वस्थताच बरी वाटू लागली.

शिंपल्याची पूड तयार झाली, पण ती द्यायची कुणाला? येसू कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. तुंगानं हाकाही मारल्या नाहीत. रोज सकाळी ती पूड घेऊन बिळाच्या तोंडाशी बसे. शेवटी एक दिवस येसू आपणहून आली. ती आत आली नाही. बांबूच्या बेटाशीच थांबून तिनं विचारलं, "शंख आहे का अजून?"

"आहे. आवाज बदललाय." तुंगानं शंख बाहेर आणून ठेवला आणि झालेलं सगळं सांगितलं, आपण विचारलेला प्रश्नही लपवला नाही. "चूक माझी होती, येसू. तुझ्या शब्दाची राखण मी शंखावर सोडली."

येसूनं मान तिरपी करून बराच वेळ शंखाकडे पाहिलं. मग ती जवळ आली आणि त्याच्यापाशी मुद्दाम मोठ्यानं म्हणाली की तिनं आता तलावाच्या बांधावर घर केलंय, आणि अंडी आजउद्या व्हायची आहेत. तसं काहीही नव्हतं. उद्या सकाळी बांधावर कोण येतं ते बघू, असं तुंगाच्या कानात सांगून ती उडाली.

सकाळी बांधावर बेडूक होते, सुतार होता, आणि टोपली घेऊन कोल्हाही होता.

येसू लांब एका ढेकळावर उभी राहून ते पाहत होती. ती तुंगाला नुसती "बघा" म्हणाली. तुंगा तडक नदीच्या वळणावर गेली आणि तिनं शंख उदाजीच्या पुढ्यात आदळला. पाणमांजरांनी शंख उलटासुलटा करून तपासला. आतला आवाज जसा बसवला तसाच होता. मग गोदूनं विचारलं, तुमचं बोलणं चाललं तेव्हा जवळ आणखी कुणाचा शंख होता का?

तुंगा नाही म्हणणार होती. तेवढ्यात तिला आंब्याची फांदी आठवली. मथुताई तिथे बसून बोलणं ऐकत होती, आणि तिच्या कमरेला नेहमीप्रमाणे शंख होता.

तुंगानं येसूला गाठून आणखी एकदा पारखून बघण्याची विनवणी केली. या वेळी दोघी नदीच्या वाळवंटात गेल्या, जिथे चहूकडे कुणी नव्हतं. येसूनं शंखाला सांगितलं की घर आता करंजांच्या राईत आहे. दुसऱ्या दिवशी दोघींनी राईत दुपारपर्यंत वाट पाहिली. एक म्हातारा सरडा ऊन खायला आला, तेवढाच. येसूनं पूड चोचीत घेतली.

ती कुठे राहते हे तिनं सांगितलं नाही, आणि तुंगानं विचारलं नाही. तेव्हापासून तुंगानं बिळाच्या दाराशी एक रुंद दगड मांडून ठेवला. येणारे दुखणाईत आपले शंख त्या दगडावर ठेवून मगच आत येत. काही जण आधी कुरकुरले. पण त्यांनाही आत शिरल्यावर पूर्वीपेक्षा जास्त बोलावंसं वाटू लागलं.

मथुताई मात्र या व्यवस्थेवर मनसोक्त हसली. तिचं हसणं आठवडाभर टिकलं. बांधावरून रिकाम्या हातांनी परतलेल्या फेरीवाल्यांना काहीतरी विकायचंच होतं, आणि एका सकाळी ते सगळे आंब्याखाली जमले. पाचव्या फांदीखालच्या ढोलीला झाकण हवंय का, आत बदाम फार झालेत म्हणून विचारतो, असं सुतारानं अदबीनं वर बघून म्हटलं. झाडावरच्या सगळ्या माकडांनी एकदम पाचव्या फांदीकडे पाहिलं. मथुताई आयुष्यात पहिल्यांदाच गप्प झाली. दुपारी तिनं तुंगाला सहज म्हणून विचारलं, ते नदीचं वळण नेमकं कोणत्या बाजूला आलं? आत येण्याआधी तिनं कमरेचा शंख सोडून दाराच्या दगडावर ठेवला होता.

काही आठवड्यांनी तुंगा एका दूरच्या माळावरून जात होती. कुणा मोराचा पाय बघायला तिला बोलावणं आलं होतं. माळ मोठा, उन्हानं तापलेला, सगळीकडे करडे तांबूस खडे पसरलेले. मध्यावर तो कोल्हा बसला होता. चालून दमला असावा. त्यानं टोपली बाजूला ठेवली, शिदोरी सोडली, आणि खाता खाता आपला नवाकोरा शंख कानाला लावून विचारलं, इथे जवळपास कोण राहतं?

"या माळावर कुणीही राहत नाही," शंखातला गोड आवाज म्हणाला. "आपण पुढे जावं."

वर आभाळात एक टिटवी फिरत होती. ती अजिबात ओरडत नव्हती. तुंगा वाटेवर जागच्या जागी थांबली. कोल्ह्यानं जेवण सावकाश संपवलं, शेपटीनं अंग झाडलं, टोपली उचलली आणि आवाजानं दाखवलेल्या दिशेला चालू लागला. चालताना त्याचं पाऊल एका खड्याच्या अगदी शेजारी पडलं. तो टेकाडापलीकडे दिसेनासा होईपर्यंत माळावर काहीच हललं नाही.

मग त्या खड्यांतले चार खडे उठले आणि बारीक, लांब पायांवर धावत सुटले.